टेक्स्टिलफ्राय रानात सोलापुरी चादर

माझं जर्मन उत्तम आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा त्यावर विश्वास उरणार नाही. बी-टू परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झालोय, प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, आणि मुळात मी पुण्याचा. एखादी गोष्ट आपल्याला येत नसेल, ही शंकाच माझ्या मनाला कधी शिवत नाही.

तर अशा माणसाने एका शब्दापायी सासऱ्यांसमोर कशी माती खाल्ली, ते ऐका. माती कसली, वाळूच. चहा घ्या, गार होतोय.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रेगेन्सबर्गला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. केतकीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, आठवा लागला होता. बाळंतपणासाठी सोलापूरहून सासूबाई आणि सासरे आले. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांचा चादरी-टॉवेलचा कारखाना आहे. चाळीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. येताना आणलेल्या बॅगांमध्ये कपडे कमी आणि चादरी-टॉवेल जास्त होते.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात अप्पांनी रविवारी भिंतीत खिळा ठोकला, आणि खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन रविवारच्या शांततेवर दहा मिनिटं बोलून गेली. ज्यांना मागांच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही, त्यांना ही शांतता बाधली. ते दिवसभर बाल्कनीत बसून राहायचे. पुढं भिंत, मागं भिंत, मोकळी जागा दिसली की तिथं मनाईची पाटी, असा देश काय कामाचा, म्हणाले. मग एक दिवस त्यांनी तिकिटं काढून तारखा बघितल्या.

"आलो दोघं, जाणार दोघं," त्यांनी जाहीर केलं.

बाळ यायला सहा आठवडे होते. केतकीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "बाबांना कुठेतरी मोकळ्या रानात घेऊन जा. ते रमले तर आई राहील. आई गेली, तर बाळाला अंघोळ तू घालणार आहेस."

मी कुकरसुद्धा दोन्ही हातांनी नीट धरत नाही हो.

आता जर्मनीत मोकळं रान शोधणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्याला विचारा. मनात आलं आणि तंबू ठोकला, असं चालत नाही. जागा कुणाची तरी खाजगी हवी आणि मालकाची परवानगी हवी. पण मी शोधलीच. ब्रांडेनबुर्गात, बर्लिनच्या खाली, कधीकाळी रणगाडे फिरून फिरून उजाड झालेली जमीन. मैलभर नुसती वाळू. फोटो बघाल तर शपथेवर राजस्थान म्हणाल. वीज नाही, नळ नाही, मोबाईलची रेंज नाही. फक्त मालकाच्या घरी फोन आणि इंटरनेट, आणि तो नंबर मी केतकीला देऊन ठेवला.

जाहिरातीत खाली दोन ओळी होत्या. पहिली: उन्हाचे मित्र असाल तर स्वागत आहे. दुसरी: जागा टेक्स्टिलफ्राय आहे.

"फ्राय म्हणजे तळलेलं का हो?" अप्पांनी विचारलं.

अशा प्रश्नांची तर मी वाटच बघत असतो. मी समजावलं, की अप्पा, इथे आल्कोहोलफ्राय बिअर मिळते, म्हणजे बिअर आहे पण दारू नाही. त्सुकरफ्राय बिस्किट मिळतं, म्हणजे बिस्किट आहे पण साखर नाही. तसं टेक्स्टिलफ्राय रान, म्हणजे रान आहे पण कापड नाही. चादरी, टॉवेल, अभ्रे, आपलं आपण न्यायचं. आहे की नाही सरळ?

अप्पांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच चमक आली. जिथं कापड मिळत नाही अशी जागा त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. ते उठून बॅगा उघडायला गेले.

मी मालकाला मेल लिहिला. आम्ही उन्हाचे जुने मित्र आहोत, लिहिलं. सोलापूरच्या माणसाबद्दल यात खोटं काय? मग पुढे लिहिलं की, माझ्या सासऱ्यांना टेक्स्टिलफ्रायची काही अडचण नाही, ते चाळीस वर्षं हेच करत आले आहेत. म्हणजे मला म्हणायचं होतं की ते कापडधंद्यात आहेत. पण जर्मन वाक्य लांबलं की क्रियापद शेवटपर्यंत सांभाळून न्यावं लागतं, म्हणून थोडक्यात उरकलं.

तासाभरात उत्तर आलं. मालकाचं नाव डीटर. फार आनंद झाला, म्हणाला. एवढा अनुभवी माणूस भारतातून आमच्याकडे येतोय हा आमचा मान आहे, इतर सभासदांनाही कळवतो. आणि शेवटी एक वाक्य: माणशी एक टॉवेल मात्र विसरू नका, सक्तीचा आहे.

बघा, टॉवेल. माझा अर्थ बरोबर असल्याचा लेखी पुरावाच आला. मी तो मेल घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

शुक्रवारी पहाटे निघालो. गाडीत एक तंबू, पाण्याचे कॅन, स्टोव्ह, चार चादरी, दोन डझन टॉवेल, आणि नव्या जागेत पाऊल टाकताना फोडायला सासूबाईंनी दिलेला नारळ. शेवटचे दोन किलोमीटर नुसती वाळूची वाट. दुपारी फाटक ओलांडून गाडी थांबवली. अप्पा उतरले, कमरेवर हात ठेवून क्षितिजाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, आज काम केलंत." दोन वर्षांत पहिलं कौतुक. माझी छाती फुगली.

तेवढ्यात वाळूच्या टेकाडावरून डीटर आला.

सत्तरीचा, उंच, उन्हात भाजून तांबूस झालेला. डोक्याला गवती टोपी. पायात रबरी बूट. हातात फावडं, आणि ते त्याने समोर धरलं होतं, हे देवाचे उपकार. याव्यतिरिक्त अंगावर काहीही नव्हतं.

टेकाडावर आणखी पाच-सहा आजी-आजोबा स्वागताला उभे होते. त्यांच्याकडे तर फावडीही नव्हती.

लख्ख उजेड पडला हो माझ्या डोक्यात. टेक्स्टिलफ्राय म्हणजे जागेला कापड नाही असं नव्हे, माणसांना नाही! आणि 'चाळीस वर्षं हेच करत आले आहेत' असं मी कोणाबद्दल लिहून दिलं होतं? सोलापूरच्या प्रतिष्ठित कारखानदाराबद्दल.

आता संपलं सगळं, मला वाटलं. उद्याच्या विमानाने सासूबाईंसकट परत. बाळाची अंघोळ माझ्या हातात. अप्पांकडे बघायची हिंमत होत नव्हती.

अप्पा डीटरकडे एकटक बघत होते. बराच वेळ बघितलं. मग हळूच मला म्हणाले, "तुम्ही म्हणत होता ते खरं आहे की. यांच्याकडं कापडच नाही हो." आणि गाडीची डिकी उघडली.

मी अडवायच्या आत त्यांनी एक कोरी सोलापुरी चादर झटकून उलगडली, मोरांच्या नक्षीची, आणि डीटरच्या खांद्यांवर घातली. मग इकडेतिकडे बघून नारळही त्याच्या हातात दिला. झाला सत्कार! डीटरचे डोळे पाणावले. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात श्रीफळ, खांद्यावर शाल. फोटो काढायची हिंमत झाली असती तर कुठल्याही वार्षिक स्नेहसंमेलनात खपला असता, फक्त छातीपर्यंत कापून.

मी तंबू लावायला पळालो. कामात दिसलं की माणसाला कोणी काही विचारत नाही. पण वाळूत खुंट्या राहीनात. ठोकली की निघते, ठोकली की निघते. अप्पा आले, चार टॉवेलांची गाठोडी केली, त्यात वाळू भरली, दोऱ्या त्यांना बांधल्या आणि गाठोडी हातभर खोल पुरली. तंबू हलायला तयार नाही. टेकाडावरून टाळ्या आल्या.

चार वाजता कॉफी आणि केक. हो, वाळवंटातसुद्धा! जर्मन माणूस कपडे सोडेल, चारचा केक सोडणार नाही. सगळे गोल बसले, ज्याच्या त्याच्या बुडाखाली टॉवेल. उघड्या अंगाने कुठेही टेकायचं नाही, हा त्यांचा कडक नियम, म्हणून ती सक्ती. अप्पांना हा नियम इतका पटला की त्यांनी प्रत्येकाला एकेक नवा टॉवेल वाटला. स्वतः मात्र सदरा-लेंगा घालून चादरीवर मांडी ठोकून बसले. पाहुण्याची रीत म्हणून डीटरने चालवून घेतलं.

मग त्याने आदराने विचारलं, की भारतात चाळीस वर्षं हे कसं काय जमवलं?

दुभाषी मी. डीटरला खरं सांगितलं तर मी मूर्ख, अप्पांना खरं सांगितलं तर मी नालायक. मी ठरवलं, दोघांचंही प्रामाणिक भाषांतर करायचं, फक्त विषय सांगायचा नाही. अप्पांना विचारलं, धंद्याची सुरुवात कशी झाली ते सांगा म्हणतोय.

अप्पा खुलले. सोळाव्या वर्षी वडिलांनी यात घातलं, म्हणाले. सुरुवातीला लाज वाटायची, पण सवय झाली. मी शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितला. मंडळींनी माना डोलावल्या. आता घरातले सगळे यातच आहेत, साठ माणसं आहेत, दोन पाळ्या चालतात. तेही सांगितलं. एका आजींनी केक खाली ठेवला. आणि सोलापुरात आम्ही एकटे नाही, घरोघरी हेच चालतं, दिवाळीत तर रात्रीचा दिवस करतात. डीटर म्हणाला की तो पुढच्या वर्षी सोलापूरला येणारच.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

इथे गोष्ट संपली असती तर मी आजही मान वर करून फिरलो असतो. पण अप्पांनी कपबशी खाली ठेवली, डीटरकडे वळले आणि सावकाश इंग्रजीत सुरू झाले. आम्ही टॉवेल बनवतो, निर्यातसुद्धा करतो. जावयाने सांगितलं की तुमच्याकडे कापड नाही, म्हणून आणलं. आवडलं का?

डीटरच्या तोंडातली कॉफी बाहेर आली. तो हसला तो हसलाच, गुडघ्यावर हात मारून. त्याने माझा मेल काय होता ते अप्पांना इंग्रजीत सविस्तर सांगितलं, आणि टेक्स्टिलफ्रायचा अर्थही सांगितला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे वळून बघितलं, आणि मग तेही हसायला लागले. मी त्यांना असं हसताना लग्नातही पाहिलं नव्हतं.

मी कसंबसं विचारलं, की अप्पा, तुम्हाला इंग्रजी येतं हे बोलला नाहीत?

"तुम्ही इतक्या हौसेनं बोलत होता," ते म्हणाले. "म्हटलं, बोलू द्या की."

पुढे डीटरने नियम सांगितला. पाहुणचार कॉफीपर्यंत, त्यानंतर रान टेक्स्टिलफ्राय. अप्पांचं काही अडलं नाही. तालमीत लहानपण गेलेला माणूस. ते तंबूत गेले आणि लंगोट लावून, वर डीटरची जादा गवती टोपी घालून बाहेर आले. लंगोट हे कापड की परंपरा, यावर सभासदांनी मतदान घेतलं आणि परंपरा ठरवली.

आणि मी? माझं पोट बिघडलं. दोन दिवस बिघडलेलंच राहिलं. जीन्स घालून बंद तंबूत पडून होतो, आत नुसती भट्टी पेटलेली. बाहेरून अप्पांचा आवाज यायचा. ते सूर्यनमस्कार शिकवत होते, विटांच्या चुलीवर पिठलं शिजवत होते, मोठमोठ्याने इंग्रजी बोलत होते. आजी-आजोबांपैकी कोणीतरी अधूनमधून तंबूपाशी येऊन माझ्यासाठी कॅमोमाइलचा चहा ठेवून जायचं. टेक्स्टिलफ्राय हात तेवढा आत यायचा.

रविवारी घरी पोचलो. अप्पांनी तिकिटं कपाटात ठेवून दिली आणि सासूबाईंना सांगितलं, की बाळाची अंघोळ तू बघ, मला इथं कामं आहेत. सभासदांची पन्नास टॉवेलची ऑर्डर होती. त्यानंतर दोन शनिवार ते एकटे ट्रेनने गेले. मी सोबत येऊ का विचारलं, तर म्हणाले, "नको. तुम्ही लाजता."

म्हणजे मोहीम फत्तेच की! केतकी खूश, सासूबाई राहिल्या, अप्पा रमले. मी पुन्हा ताठ झालो. इतका, की हॉस्पिटलमधून सोबत काय आणायचं त्याचा कागद आला, तेव्हा सगळ्यांना जमवून मीच वाचला. बाळाचे कपडे आणायची गरज नाही, मी सांगितलं, सगळं तिथेच मिळतं. आहे की नाही सरळ?

अप्पांनी कागदाचा फोटो काढला आणि डीटरला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं. हॉस्पिटलचे कपडे फक्त हॉस्पिटलात, घरी नेताना आपले लागतात, खालच्या ओळीत स्पष्ट लिहिलंय.

अप्पांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"केतकी," ते म्हणाले, "झबली-टोपडी आजच भर बॅगेत. यांच्या भरवशावर राहिलो, तर पोर टेक्स्टिलफ्राय घरी यायचं."