चतकोर की चौकोर

अंडरकाका पिझ्झा कापायला उभे राहिले की खोलीत कोणी बोलत नसे. लक्ष्मीबाई नगरात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. केंद्र सरकारच्या मंत्रालयात अंडर सेक्रेटरी, म्हणून आम्हा मुलांचे अंडरकाका. ऑर्डर देतानाच फोनवर बजावत, “भैया, काटना मत. बिल्कुल मत काटना.” मग घरची सुरी घेऊन एक उभा छेद, एक आडवा, दोन तिरपे. “टोक आणि कड दोन्ही प्रत्येकाला मिळायला हवं,” ते म्हणत. “एकाला नुसतं चीज आणि दुसऱ्याला नुसती कड, ही वशिलेबाजी झाली.”

माझ्या अकराव्या वाढदिवसाला त्यांनी ती सुरी माझ्या हातात दिली. “आज तू काप. सगळ्यांना चतकोर दे.” आमच्या घरची मराठी अर्धी हिंदीच होती, चतकोर हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. मला ऐकू आलं चौकोर. मी पट्टी लावल्यासारखे नीट चौकोन कापले. मधल्यांना कड नाही, कडेच्यांना चीज नाही. काका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “अगं, चतकोर म्हणालो! चतकोर भाकरी, पाव हिस्सा!”

त्या दिवसापासून मी चौकोर झाले. जिन्यात चौकोर, गणपतीत माइकवरून चौकोर. हिंदीतही तो शब्द तोच, त्यामुळे शाळेतल्या मैत्रिणींचीही सोय झाली. दहावीचं गणित काकांनीच शिकवलं, रोज, चहासुद्धा न घेता. पण तेव्हाही म्हणायचे, “चौकोर, आता वर्तुळ काढ.” मला ते फार आवडत होते आणि मला त्यांचं उट्टं काढायचं होतं.

मी डूख धरला. हट्टाने मराठी वाचायला लागले, शब्दकोश चाळला आणि एक दिवस घबाड सापडलं. चतकोराचा अर्धा म्हणजे नितकोर. काका तर पिझ्झ्याचे आठ तुकडे करून प्रत्येकाला चतकोर म्हणायचे! चूक त्यांची होती. हे मी फोनवर सांगून वाया घालवणार नव्हते. मला भरलं घर हवं होतं.

ते मिळालं काकांच्या पंच्याहत्तरीला, गुरुग्रामला त्यांच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये. मी पिझ्झा नेला, न कापलेला. सगळ्यांसमोर आठ तुकडे केले आणि एक उचलून विचारलं, “काका, याला काय म्हणतात?”

ते तुकड्याकडे बघत राहिले. “ते… ते आपलं…”

“नितकोर!” मी म्हणाले. “आणि तुम्ही इतकी वर्षं चतकोर म्हणत होतात!”

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं. “त्यांना हल्ली शब्द सापडत नाहीत गं. काल चमच्याला काय म्हणतात ते विचारत होते. आज लोकांत बसायलाच घाबरले होते.”

निघताना मी पाया पडले. काकांनी माझा हात धरून ठेवला. “परत ये हां…” म्हणाले आणि थांबले. ओठ हलत होते. माझं नाव शोधत होते. मला नको असलेलं, त्यांनीच ठेवलेलं.

“चौकोर,” मी म्हणाले. “मी चौकोर, काका.”

ते हसले नाहीत. हे बरोबर आहे का, म्हणून त्यांनी काकूंकडे पाहिलं.