आबांच्या नावावरचा गंज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, पण ती गोष्ट वेगळी. तिला माहीत असणं आणि मी तोंडानं सांगणं यात फरक आहे, आणि तो मी इतकी वर्षं सांभाळला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय. यातही भित्रेपणा आहेच.

मुकुंदवाडीत आमचं घर. घरामागं पत्र्याचं शेड. माझी धाकटी बहीण सुजाता नर्स आहे. गंगापूरकडच्या खेड्यांत तिची ड्यूटी असायची आणि ती मोटरसायकलवर फिरायची. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, शिकवली तिला. खरं तर आधी मलाच शिकवायला घेतलं होतं. मी पडलो, ढोपर फुटलं, आणि पुन्हा हँडलला हात लावला नाही. मग त्यांनी तिला बसवलं. गल्लीत कुणी विचारलं की म्हणायचे, "हिला भ्या कसलं ते ठावंच नाय." माझ्यासमोर म्हणायचे. मला टोचावं म्हणून नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. मग तरी का टोचायचं? उस्मानपुऱ्यात माझं झेरॉक्सचं दुकान होतं, लग्न झालेलं, पोटाला कमी नव्हतं — आणि तरी धाकट्या बहिणीच्या गाडीचा आवाज गल्लीत आला की माझं जेवण कडू व्हायचं.

पुढच्या शिक्षणासाठी ती नागपूरला गेली, तेव्हा गाडी शेडमध्ये ठेवून गेली. जायच्या आधी शेडमध्येच राबत होती. पत्र्याच्या शेडमध्ये पाऊस आतूनही पडतो, असं ती म्हणायची. दिवसभर कोंडलेली दमट हवा रात्री गार पत्र्याला लागते, तिचं पाणी होतं, आणि पहाटे ते थेंबथेंब गाडीवर गळतं. म्हणून तिनं समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या पाडून घेतल्या, हवा खेळती राहावी म्हणून. छताला आतून थर्माकोल लावलं. जमिनीची ओल वर येऊ नये म्हणून खाली जाड प्लास्टिक, त्यावर फळ्या, त्यावर गाडी. टाकी काठोकाठ भरली, चेनला तेल दिलं, वरून जुन्या सुती चादरींचं शिवलेलं कव्हर.

"दादा, गाडीवर प्लास्टिक तेवढं टाकू नको," ती म्हणाली. "आत ओल कोंडती. आन् खिडक्या उघड्या ठेव. बाकी काय करू नको."

काहीच करायचं नव्हतं मला. नुसतं तसंच राहू द्यायचं होतं. तेही माझ्याच्यानं झालं नाही.

ती गेल्यावर आबा रोज शेडमध्ये जाऊन बसायला लागले. फडक्यानं गाडी पुसायचे, तिच्याशी बोलायचे. तोवर त्यांचं विसरणं सुरू झालं होतं — जेवलो की नाही, आज वार कोणता, असलं. एकदा ते शेडच्या उंबऱ्याला अडखळले. मी लगेच शेडला कुलूप घातलं. "पडाल आबा," म्हणालो. काळजीच होती का ती? थोडी असेल. पण ते त्या गाडीपाशी बसलेले मला बघवत नव्हतं. चावी मी माझ्या पँटच्या खिशात ठेवली.

पावसाळ्यात खिडक्यांतून झड येत होती. शेडमध्ये आमच्या गव्हाच्या कोठ्या होत्या. मी खिडक्यांत गोणपाट कोंबले. गव्हासाठी कोंबले असं म्हणता येतं. पण कोठ्या हलवायला जागा होती की. मला खिडक्या बंद करायला कारण हवं होतं.

आणि पुढचं तर कशासाठीच नव्हतं.

सुजातानं फोनवर गाडी दाखव म्हणून सांगितलं. व्हिडिओवर. मी गाडी बाहेर काढली, पाइप लावून धुतली, चकचकीत केली आणि दाखवली. ती इतकी खूश झाली. "दादा, तू हायेस म्हणून मला घोर नाय," म्हणाली. फोन ठेवला. गाडी ओली होती. फडकं हाताशी होतं, बाहेर ऊन पडलं होतं. मी गाडी तशीच आत घेतली, निळं मेणकापड घट्ट गुंडाळलं, खालून सुतळीनं आवळलं. चूक झाली नाही हो माझ्याकडून. काय होणार ते मला माहीत होतं. मेणकापडाच्या आत वाफ धरलेली मला दिसत होती, आणि मी कुलूप लावून चहा प्यायला गेलो. चहा गोड लागला. ती चव आठवली की आजही तोंडात पाणी सुटतं — ओकारी येण्याआधी सुटतं तसलं.

नंतर ती विचारायची तेव्हा मी म्हणायचो, झक्कास आहे गाडी.

शिक्षण संपवून ती आली. बॅग दारात टाकून सरळ शेडकडं गेली, आबा तिच्या मागून. कुलूप मीच काढलं. आतून वास आला, कुजलेल्या चपलांचा असतो तसा. मेणकापड सोडलं तर आतल्या बाजूनं पाणी ओघळलं. सीटवर पांढरी-हिरवी बुरशी. चेन एकसंध तांबडी. तिनं किक दाबून पाहिली, किक खाली जाईना. ती हात लावील तिथं तांबडं तिच्या बोटांना लागत होतं.

"दादा, हे कुणी टाकलं?"

आबा शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"आबांनी," मी म्हणालो. आणि वर, कुणी विचारलं नसताना, "त्यांना आता कळत नाही गं. मी तरी किती लक्ष ठेवू?"

आबांनी मेणकापडाकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडं. आठवून पाहत होते बिचारे. जे झालंच नव्हतं ते आठवत होते.

"मी टाकलं व्हय?" ते म्हणाले. "भिजंल म्हणून टाकलं आसंल, माय. ध्यानातच नाय बघ."

सुजातानं त्यांचा हात धरला. "आसू द्या आबा. लोखंडच हाय ते," म्हणाली, आणि तोंड फिरवून रडली.

घरात आलो तर बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "शेडची चावी तर तुमच्याच खिशात आसती." मी पाणी प्यालो आणि दुकानाला निघून गेलो. पुन्हा ती त्यावर बोलली नाही. मीही नाही.

गाडी भंगारात गेली. सुजाता जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गंगापूरला जायला लागली, तिथून मिळेल ते वाहन, नाही मिळालं तर पायी. तिनं कधी तक्रार केली नाही.

पण आबा? आबा एकेक करून सगळं विसरले. माझ्या बायकोचं नाव विसरले, आमच्या आईला जाऊन किती काळ झाला ते विसरले. हे मात्र विसरले नाहीत. सुजाता आली की दरवेळी पहिल्यांदाच सांगतोय असं सांगायचे, "माय, तुही गाडी माझ्या हातून गेली." ती समजूत घालायची. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी तिथंच बसलेला असायचो. पेपर वाचत. एका वाक्याचं काम होतं, आणि ते म्हणायला मला कितीदा संधी मिळाली.

शेवटच्या आजारपणात एकदा मी त्यांची उशी नीट करत होतो. त्यांनी माझं मनगट धरलं. "तुह्या भरवशावर ठिवली होती तिनं," म्हणाले. "म्या तुला तोंडघशी पाडलं. माफ कर."

खोलीत आम्ही दोघंच होतो. खरं बोललो असतो तर ऐकणारं दुसरं कुणीही नव्हतं.

"जाऊ द्या आबा," मी म्हणालो. "तुम्ही काय मुद्दाम केलं का?"

त्यांनी डोळे मिटले. त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं. नंतर ते फार दिवस राहिले नाहीत. सुजाता अजून समजते की ते आबांनीच केलं, आणि मी तिला आजही सांगितलेलं नाही.