दादाच्या टॉर्चमधले दोन सेल

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वय शहात्तर. अकोल्याला जठारपेठेत चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. वस्तू बंद का पडते, याचं कारण नेहमी सापडायचं... एक वस्तू चालू का झाली, याचं मात्र सापडलं नाही.

माझा मोठा भाऊ, दादा, अंजनगाव सुर्जीजवळ शेवंती लावायचा. फुलं उजाडायच्या आत तोडायची, म्हणून टॉर्च. एकदा त्याचा फोन आला, "गजा, येतांनी दोन नवे सेल आण. घड्याळवाल्याचा भाऊ अंधारात चाचपडते, लोकं हासून राह्यले."

मी विसरलो. पिशवीत हत्यारांसोबत गिऱ्हाइकांच्या घड्याळांतून काढलेले दोन अल्कलाइन सेल होते. मीटरवर एक पॉइंट तीन व्होल्ट दिसलं; नव्या सेलला दीडच्या वर असतं. टॉर्चमध्ये घातले.

"पाय, कसा लख्ख पडला," दादा म्हणाला. "नवेच हायेत ना?"

"नवेच," मी म्हटलं.

संपत आलेला सेल पडून राहिला, की त्याचं व्होल्टेज जरा वर येतं. घड्याळाला ते महिनोन्‌महिने पुरतं. टॉर्चचा बल्ब थोड्याच वेळात ओढून घेतो. हे मला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या पहाटे वाफ्यात टॉर्च विझला आणि दादाचा पाय घोणस सापावर पडला. दवाखान्यात त्यानं एवढंच सांगितलं. माझं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. भेटायला येईल त्याला वहिनी सांगायची, "सेल बदलाचा कंटाळा, दुसरं काय." मी शेजारी बसून ऐकायचो.

चार वर्षांनी, या हिवाळ्यात, तिला खरं सांगितलं. तिनं उठून कोठीतल्या खुंटीवरून टॉर्च काढला — त्या दिवसापासून कोणी हात लावला नव्हता — आणि बटण दाबलं.

लागला. कोपऱ्यातल्या रिकाम्या टोपल्यांवर लख्ख उजेड पडला.

"सेल तं चांगले हायेत, भाऊजी. कावून सोताले दोष देऊन राह्यले?"

मी तिच्या हातून टॉर्च घेऊन उघडला. सेल फुटून पांढरी भुकटी बाहेर आलेली, स्प्रिंग गंजून तुटलेली. मीटर लावला. दोन्ही सेल शून्य.

लहानपणी माझ्या चुकीचा मार दादाच खायचा.

वहिनी अजून मानत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो — सेल जुने होते, आणि ते मी दिले होते. त्या दिवशी टॉर्च कशावर लागला, ते मला माहीत नाही.