हलकी होत गेलेली ट्रॉली

चिंधू डोंगरवार भिलाईच्या प्लेट मिलमध्ये फिटर होते. तिथूनच निवृत्त झाले आणि भिलाईतल्याच कोहक्यात आधी बांधून ठेवलेल्या घरात राहायला आले. त्या घरासमोर एका उन्हाळ्यात दोन चाकांची रिकामी ट्रॉली येऊन उभी राहिली. कोण्या मंडपवाल्याकडून घेतलेली. कागदपत्रं चालू होती, स्प्रिंगचे पाटे शाबूत होते, तळाच्या फळ्या मात्र सडल्या होत्या.

"याचं काय करता, डोंगरवारजी? टेन्ट हाऊस टाकता का?" शेजारी विचारायचे.

"घर बांधतो," चिंधू सांगायचे. "हिले मंडईले नेतो."

'ही' म्हणजे कौशल्या, त्यांची बायको. तिचं माहेर साकोलीच्या पलीकडे. त्या भागात दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दुकानं लागतात, दंडारीचा नाच होतो, रात्रभर नाटक चालतं, आणि घरोघरी इतके पाहुणे येतात की ओसरीवरही पाय ठेवायला जागा राहत नाही. लग्न होऊन भिलाईला आल्यापासून कौशल्याने माहेरची मंडई चुकवली नव्हती. मग गुडघे गेले.

शेवटच्या खेपेला ती भावाच्या घरी सगळ्या बायकांबरोबर जमिनीवर झोपली. सकाळी उठता येईना. दोन भावजयांनी काखेत हात घालून तिला उभं केलं, परसात नेलं, तिथूनही तसंच उठवून आणलं. ओसरीवर पुरुषमंडळी दात घासत बसली होती. कोणी हसलं नाही. ते न हसणंच तिला लागलं. परतीच्या रेल्वेत डोंगरगड आलं तेव्हा ती म्हणाली, "आता मी नाही येत जी. कोठीच नाही येत."

त्यानंतर चार मंडया झाल्या. ती गेली नाही. लग्नांना गेली नाही, बारशांना गेली नाही. मुलगी नीतू जवळच, नंदिनी नगरला दिलेली, तिच्याकडेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

ट्रॉली दारात आली तेव्हा कौशल्याने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि आपली अट सांगून टाकली. "यात मले बसता आलं पायजे, झोपता आलं पायजे अन् उठता आलं पायजे. कोणाचा हात न धरता."

"माहा हात धरजो ना."

"तुमचाबी नाही."

चिंधूंनी अट मान्य केली. ती पुरी करायला किती काम पडेल याचा त्यांना अंदाज नव्हता. फिटरला काम करता येतं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

वेल्डिंगसाठी त्यांनी खुर्सीपारच्या चंपतचं दुकान धरलं. चंपत पूर्वी ठेकेदाराकडून प्लांटमध्ये जायचा, चिंधूंच्या हाताखाली त्याने काम केलेलं. आता स्वतःची गेट-ग्रिल बनवायचा. त्याने आधीच सुचवलं होतं, "काका, ॲल्युमिनियमचे पाईप घ्या. वरून प्लाय."

"ॲल्युमिनियम?" चिंधूंनी भांड्याच्या दुकानात आल्यासारखं तोंड केलं. "माणसं झोपनार हाय त्यात. मजबूत पायजे."

मजबूत म्हणजे जाड, हे नोकरीभर मुरलेलं. प्लांटमध्ये कोणत्याच वस्तूला जागेवरून हलायचं नसतं, आणि हलायचंच असलं तर डोक्यावर क्रेन असते. त्या हिशेबाने चिंधूंनी ट्रॉलीवर लोखंडी अँगलचा सांगाडा उभा केला. तळाला नक्षीची जाड पत्रा-प्लेट. मागच्या बाजूला आडवी लोखंडी पेटी, तिच्यावर गादी. पेटीचं झाकण उघडलं की आत भांडी, गॅस, कपडे सगळं मावेल. पेटीला लागूनच पाण्याची लोखंडी टाकी. काम देखणं झालं. वेल्डिंगचा एकही टाका वाकडा नव्हता. त्यांनी पेटीवर उभं राहून उड्या मारून दाखवल्या, पेटी हूं की चूं करेना.

मग ते एकटेच घरच्या बोलेरोला ट्रॉली जोडून नीतूकडे निघाले. कौशल्या म्हणाली, आधी तुम्ही जाऊन या.

गावातून बाहेर पडेपर्यंत ठीक होतं. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर वेग थोडा वाढवला आणि ट्रॉलीचं मागचं टोक शेपटीसारखं डावी-उजवीकडे जायला लागलं. मागोमाग बोलेरोही. समोरून येणाऱ्या ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. चिंधूंनी ब्रेकवर पाय न देता वेग हळूहळू मरू दिला, गाडी कडेला घेतली आणि उतरले. शर्ट पाठीला चिकटला होता. ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याखाली हात घातला तर दांडा जवळजवळ वर उचलला जात होता. सगळं वजन चाकांच्या मागे होतं. पुढे दाब म्हणून नव्हताच.

परत येताना बैलगाडीच्या चालीने आले, ते थेट खुर्सीपारला. धरमकाट्यावर, गाड्या तोलायच्या काट्यावर, ट्रॉली चढवली. आकडा पाहून चंपतने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"काका, यात काकू जाऊन राहिली का प्लेट मिलची स्लॅब?"

चिंधू हसले नाहीत. "मागचं वजन पुढं घेऊ. टाकी समोर आनू."

"अन् बोलेरो कोन ओढन? तिले ओढाले एक इंजन सांगा प्लांटातून."

घरी आल्यावर कौशल्याने ट्रॉलीत डोकावून पाहिलं. पेटीच्या झाकणाला हात घातला. झाकण बोटभर उचललं गेलं आणि पुन्हा बसलं. तिने चिंधूंकडे पाहिलं.

"यात माहे कपडे राहनार?"

"हो."

"म्हणजे लुगडं पायजे असन तर मी आधी गादी काढू, मग हे उचलू, मग वाकू? वाकता आलं असतं तं जमिनीवरच झोपली नसती का?"

चिंधू त्या दिवशी जेवले आणि ओट्यावर बसून राहिले. मुलीचा फोन आला तर ती म्हणाली, "बाबा, छोड़ो ना, आईले इथंच राहू द्या. एवढ्या वयात कावून करून राहिले हे?" त्यांनी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राइंडर घेऊन ट्रॉलीवर चढले.

स्वतः लावलेला प्रत्येक टाका त्यांनी स्वतः कापला. चंपत माणूस देतो म्हणाला, तर नको म्हणाले. पेटी गेली, टाकी गेली, नक्षीची प्लेट गेली. त्यांच्या हातचं इतकं चांगलं वेल्डिंग भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढताना त्यांनी पाहिलं, आणि पाहून झाल्यावर आत जाऊन टेप घेतला.

आता मापं उलट्या टोकाकडून सुरू झाली. ट्रॉली बाजूला राहिली. अंगणात विटांचे दोन थर रचले, वर फळी टाकली आणि कौशल्याला बसवलं. उठता आलं नाही. आणखी वीट. पुन्हा. घरातल्या सोफ्यावरून ती उठू शकत नव्हती, पण स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून सहज उठायची, हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर असूनही चिंधूंनी पाहिलं नव्हतं. विटांची उंची स्टुलाजवळ आली तेव्हा ती उठली. त्यांनी फोमची गादी टाकली. ती रुतली, उठणं पुन्हा बंद. काथ्याची कडक गादी टाकली, तेव्हा जमलं.

सांगाडा चंपतच्या म्हणण्याप्रमाणे ॲल्युमिनियमचा झाला. आत-बाहेर पातळ प्लाय, मध्ये थर्माकोल, छतावर उन्हासाठी पांढरा रंग. दोन खिडक्या, त्यांना जाळी. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा. कोपऱ्यात पडद्यामागे बसायची खुर्ची, दवाखान्यात असते तशी, खाली बादली. पलंगाखालची जागा जड सामानाची ठरली: पाण्याचे कॅन, गॅस, शेगडी, सगळं चाकांच्या वर, जरा पुढच्या अंगाला. पण तिथे पोहोचायला आतून वाट नाहीच. बाहेरून एक झडप, ती चिंधूंनी उघडायची. वाकायचं काम त्यांचं.

कौशल्याच्या वस्तू छातीच्या उंचीवर आल्या. कपाट केलं असतं तर पुन्हा वजन वर चढलं असतं, म्हणून तिने चिंधूंच्या जुन्या निळ्या युनिफॉर्मच्या पँटी उसवून भिंतभर कापडी खण शिवले. तोंडाला इलॅस्टिक, म्हणजे गचक्याने काही बाहेर पडू नये. एका खणात लुगडी, एकात गोळ्या, एकात चष्मा. भांड्यांसाठी एकच खेचायचा खण, तो बंद राहायला खिटी.

"पँटीत पावडर ठेवली तुमच्या," ती म्हणाली. "पहिल्यांदा चांगला वास आला."

दसऱ्यानंतर पहिली परीक्षा झाली. पायरीवर चढली, बसली, झोपली. उठताना अडकली. दार उजवीकडे होतं, तिकडे वळायचं तर सगळा भार डाव्या गुडघ्यावर येत होता, आणि डावाच जास्त गेलेला. चिंधू आपोआप पुढे झाले.

"सरका," ती आडवीच राहून म्हणाली.

"मग डोकं तिकडच्या बाजूनं कर ना."

"मंग झोपल्यावर तोंड त्या खुर्चीकडं. रातभर तेच पाहू का?"

ती कशीबशी कुशीवर होऊन, जाळीची चौकट धरून उठली. चौकट सुटून हातात आली. चिंधूंनी ती घेतली, उलटून पाहिली आणि पलंग समोरच्या भिंतीला हलवायचं ठरवलं. त्याबरोबर झडपही त्या बाजूला कापावी लागणार होती, जुनी झडप बुजवावी लागणार होती आणि कॅन दुसऱ्या अंगाला नेऊन तोल पुन्हा पाहावा लागणार होता. चंपत म्हणाला, "काका, एका गुडघ्यासाठी?" चिंधू म्हणाले, "त्याच्यासाठीच तं हाय हे." पलंगाच्या उशाला त्यांनी एक उभी नळी ठोकली, पकडायला. पकडल्यावर हलणार नाही अशी. तेवढी मात्र लोखंडाची.

दिवाळी झाली. दुसऱ्या परीक्षेत कौशल्या उठली. मग उतरली, पुन्हा चढली, पुन्हा झोपली, पुन्हा उठली. एकदा जमलं म्हणजे जमलं असं तिने धरलं नाही. शेवटी म्हणाली, "चला."

राजनांदगाव, देवरी, साकोली. ट्रॉली सरळ मागे येत राहिली. चिंधूंचं लक्ष आरशातून हटलं नाही. भावाच्या घरी खळ्यात ट्रॉली लावली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, आणि रात्री झोपताना दोघांना कोणी 'इथं जरा सरका' म्हटलं नाही.

सकाळी मंडईच्या दिवशी चिंधू झडप उघडून पाण्याचा कॅन काढत होते. कौशल्याची भावजय भीमाबाई दोन पोरींना घेऊन लगबगीने आली. मागच्या खेपेला काखेत हात घालणाऱ्या दोघींतली एक. ओसरीवर पुरुषमंडळी होती.

"बाई, उठल्या का? थांबा, आम्ही येतो वर," ती म्हणाली आणि पायरीवर पाय ठेवला.

"वर नोको येऊ," आतून आवाज आला. "बाजूले हो, दार अडून राहिलं."

भीमाबाईने चिंधूंकडे पाहिलं. त्यांनी कॅनवरची नजर हलवली नाही. आतली हालचाल त्यांना आवाजावरून कळत होती: पलंग करकरला, मग थोडा वेळ काहीच नाही, मग नळीवर बांगड्या वाजल्या. ते पुढे झाले नाहीत. कॅनचं झाकण त्यांनी उगाच दोनदा फिरवलं.

कौशल्या दारात उभी राहिली. लुगडं नीट केलं, पायरीवर एक पाय दिला, मग दुसरा, आणि खळ्यात उतरली.

"चाय झाली का भीमा?" तिने विचारलं. "झाली असन तर आन. अन् बांगड्यावाले कोण्या बाजूले बसले ते सांग. चार वर्साच्या भरायच्या हायेत."