मॅडम आणि अक्का

चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या छावणीत श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांना हिवाळ्यात काय लागेल, हे विचारायला आम्ही दोघी गेलो होतो. दिल्लीहून आलेल्या फॉर्मवर रजई आणि स्वेटर होते. मी घरोघर तेच विचारत सुटले. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. चेन्नईच्या पावसाळी डिसेंबरात कसली रजई?

माझ्या सहकारी बाईनं फॉर्म उघडलाच नाही. ती खुशाल चुलीपाशी बसून चहा प्यायची. गळकी छपरं तिला सगळ्यांनी आपणहून दाखवली. ती ‘अक्का’, मी ‘मॅडम’. माझा नुसता जळफळाट!

अहवालात ताडपत्री मी लिहिली, खाली सहीसुद्धा माझ्या एकटीची. ताडपत्र्या वाटायलाही मुद्दाम एकटीच गेले. पहिल्याच दारातली बाई माझ्या मागं बघत म्हणाली, “मॅडम, अक्का नाही आली?”