रजिस्टरमध्ये मी लिहिलेला आकडा

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग नागपूरला आली. काम तेच, नर्सिंग असिस्टंटचं. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या छोट्या दवाखान्यात, डॉक्टर साहेबांच्या हाताखाली. सकाळी सहाला पीटी, आठला सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी, दुपारी रजिस्टर.

हवालदार देविदास मेश्राम आमचा पीटी उस्ताद होता. वय एकेचाळीस, उमरेडकडचा. पंचविशीतले जवान त्याच्या मागे धापा टाकत पळायचे. नागपूरच्या तीन वर्षांत मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. परीक्षा आली की गवत कापणं, टेंट लावणं, स्टोअरचं सामान उचलणं ही माझ्या वाटणीची कामं देविदास करायचा. "तू पेपर लिही लेका, फावडं माह्याकडे दे," म्हणायचा. हे उपकार मी विसरलो नव्हतो. पुढे जे केलं त्याचं एक कारण तेही होतं.

वर्षातून एकदा प्रत्येक जवानाची वैद्यकीय तपासणी होते. वजन, रक्त, लघवी, बीपी. सगळं ठीक असेल तर कॅटेगरी शेप वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. नसेल तर कॅटेगरी खाली जाते आणि प्रमोशन अडतं. म्हणून आमच्याकडे एक रिवाज पडला होता. तपासणीच्या आठ दिवस आधी लोक मीठ सोडायचे, चहा सोडायचे, कच्चा लसूण चावायचे. त्या आठवड्यात एमआय रूमची रांग वासावरून ओळखू यायची. आजार शोधणारी तपासणी आम्ही पास व्हायची परीक्षा समजत होतो.

एका वर्षी तपासणीत देविदासचं बीपी फार जास्त आलं. पंधरा मिनिटं झोपवून पुन्हा घेतलं. फारसा फरक नाही.

"मशीन बिघडली असंन गा."

"मशीन ठीक आहे. डोकं दुखतं?"

"पीटीनंतर थोडं. उन्हानं होते."

"साहेबांना दाखवू."

"काहून? महिनाभरात नायब सुभेदारीचा बोर्ड हाय. आता लिहिलंस तर मी गेलो. बोर्ड झाला का मीच येतो. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याले काय होते बे?"

मी नर्सिंग शिकलेला माणूस. तरी मलाही तसंच वाटलं. रजिस्टरमध्ये मी १३६/८६ लिहिलं. साहेबांनी त्यावर सही केली.

सोळा दिवसांनी युनिटची धावण्याची चाचणी होती. पाच किलोमीटर, पाठीवर पिट्टू, हातात रायफल. सुरुवात ०५४५. मी चौथ्या किलोमीटरवर ॲम्ब्युलन्सजवळ, रेडिओ घेऊन उभा होतो. ०६०५ ला देविदास वळणावर दिसला. त्याच्या पुढे कोणी नव्हतं. तो थांबला. डोक्याला हात लावला. मग उजव्या बाजूला कोसळला.

"कंट्रोल, चार किलोमीटर. एक जवान खाली. बेशुद्ध. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

"हवालदार मेश्राम. ओव्हर."



"नाव पुन्हा सांगा. ओव्हर."

मी पुन्हा सांगितलं.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ०९२० ला देविदास गेला.

दुपारी डॉक्टर साहेबांनी रजिस्टर उघडलं. "आत्ताच तर तपासणी झाली होती. बीपी नॉर्मल होतं."

"नव्हतं, साहेब. मी खोटं लिहिलं."

त्यांनी रजिस्टर बंद केलं. "लेखी दे."

दिलं. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. माझ्या सर्व्हिसच्या कागदांत लाल शाईने शिक्षेची नोंद झाली. शिक्षा योग्य होती. आकडा खोटा लिहिल्याचं देविदासच्या पत्नीला, वहिनींना, मीच जाऊन सांगितलं. त्या क्वार्टर रिकामं करत होत्या.

"तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

त्या पुन्हा भांडी पोत्यात भरू लागल्या. मला रडू आलं नाही. जेवणाच्या वेळी मेसमध्ये गेलो, जेवलो.

आता मी रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात आरोग्य तपासणी विभागात काम करतो. सकाळी आमच्या वस्तीच्या मैदानावर पंचवीस-तीस लोकांचा व्यायाम घेतो. नवीन माणसाचं बीपी तपासल्याशिवाय त्याला पळू देत नाही. एक निवृत्त क्लार्क काका पहिल्या दिवशी म्हणाले, "सुभेदार साहेब, आम्ही चालाले आलो, तुम्ही तं भरतीच घेऊन राहिले!"

"हवालदार, काका. बाही वर करा."

मागच्या महिन्यात वहिनी हॉस्पिटलात तपासणीला आल्या. मी उभा राहिलो. दुसऱ्या टेबलावर पाठवू का, विचारलं.

"नाही. तुम्हीच घ्या."

कफ बांधला. आकडा जास्त आला. पाच मिनिटांनी पुन्हा घेतला. तेवढाच.

"किती हाय, भाऊजी?"

"एकशे बावन्न, शहाण्णव."

"लिहा मंग."

मी लिहिलं. त्यांना घेऊन डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलो. पुढे चार जण होते. एकेक करून ते आत गेले.

"त्यायचं किती होतं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं.

"एकशे सत्तर, एकशे दहा."

त्यांनी माझ्या हातातला आपला कागद घेतला आणि पाहिला.

"माह्यापेक्षा जास्त," त्या म्हणाल्या. आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. मेश्राम.