मागच्या सीटवर कोण बसणार

दादा गेला त्याच्या दहाव्या दिवशी मी एका कावळ्याला गाडीचं मॉडेल सांगितलं. मी पंचवीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि हे वाक्य लिहिताना मला आजही स्वतःचा राग येतो. पण तोंडून गेलं ते गेलं.

मेलेल्या माणसाचं काय काय करायचं हे काशीत कुणाला शिकवावं लागत नाही. कावळ्यासाठी ताटकळणारे मात्र आम्हीच. आमच्या गल्लीतले बाकीचे लोक पिंड देतात, गंगेत बुडी मारतात आणि घरी जातात. आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी घरांत अजून दहाव्याला पिंड मांडून वाट बघतात. कावळा शिवला की गेलेला माणूस सुटला. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली, ती ओळखायची आणि पुरी करीन म्हणून मोठ्याने कबूल व्हायचं. नावाडी पायरीवर बसून मजा बघतात. "मराठी लोग कौए से बतिया रहे हैं," असं त्यातला एक त्या दिवशी म्हणाला. इतर कुठल्या दिवशी मी त्याच्याबरोबर हसलो असतो.

कावळा एकच होता. घाटावरच्या बुरजाच्या कठड्यावर बसून पिंडाकडे बघत होता. दादाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळं मीच करत होतो. वहिनी दहा-बारा पायऱ्या वर, शालीत तोंड गुरफटून उभी होती. मी म्हटलं, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. दादाचा रेल्वेला सुटे भाग पुरवायचा छोटा कारखाना होता. मी म्हटलं, तिथल्या माणसांना वाऱ्यावर सोडणार नाही. त्याचंही काही नाही. असं दीड तास चाललं. शेवटी गुरुजींनी दर्भ हातात घेतला. कावळा येतच नाही असं दिसलं की दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात आणि मोकळे होतात. दादाचं असं दर्भावर भागवायचं, या विचाराने मला एकदम रडू आलं आणि मी म्हणालो, "दादा, तुझी गाडी घेईन."

कावळा कठड्यावरून खाली पायरीवर आला.

"ट्रॅकवाली घेईन. तू चालवणार होतास तशीच चालवेन."

तो सरळ पिंडावर आला, एक चोच मारली आणि नदीकडे उडून गेला. गुरुजींनी दर्भ खाली ठेवला आणि आंघोळीला चला म्हणाले.

आता त्या गाडीबद्दल सांगायला हवं. दादाला पंचेचाळिशीनंतर वेगाचं वेड लागलं. दिल्लीजवळ रेसिंगचा ट्रॅक आहे, तिथे तो दोनदा जाऊन दुसऱ्यांच्या गाड्या पळवून आला होता. परतल्यावर आठ-आठ दिवस जेवताना वळणांबद्दल बोलायचा आणि गुणगुणायचा. सूर ना चाल असं गुणगुणणं, नाकातून. मग त्याने स्वतःची स्पोर्ट्‌स कार घ्यायचं ठरवलं. गाडी ठरली, रंगही ठरला, आणि तिथे घोडं अडलं, कारण तीच गाडी दोन तऱ्हांची मिळत होती. एक रस्त्याची. तिला मऊ स्प्रिंगा, एसी, आणि मागे दोन छोट्या सीट. दुसरी ट्रॅकची. ती हलकी व्हावी म्हणून आतलं सगळं काढून टाकलेलं, मागच्या सीटच्या जागी लोखंडी नळ्यांचा पिंजरा, आणि स्प्रिंगा इतक्या कडक की रस्त्यावरचा खडा दाताला कळावा. कायद्याने दोन्ही रस्त्यावर चालतात. आमच्या गल्लीत मात्र स्कूटर आणि सांड समोरासमोर आले तर स्कूटर मागे घ्यावी लागते, त्यामुळे दोन्हींपैकी कुठलीही मैदागिन चौकाच्या पलीकडेच उभी राहणार होती. हे मी दादाला बऱ्याचदा ऐकवलं. तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा वहीत डोकं घालायचा.

वहीत त्याने दोन रकाने आखले होते, रस्ता आणि ट्रॅक. ब्रेक, टायर, वजन, आवाज, सगळ्यांवर बारीक अक्षरात शेरे होते. शेवटची ओळ होती "मागची सीट". तिच्यापुढे ट्रॅकच्या रकान्यात फुली आणि रस्त्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, "कोण बसणार?" ते लिहिल्यावर चारच दिवसांनी तो कारखान्यात खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

मी स्वतः आयुष्यात साठच्या वर गाडी नेलेली नाही. माझ्या गाडीला चौथा गिअर कंपनीने उगाच दिला, असं दादा म्हणायचा. आणि मी कबूल होऊन बसलो होतो की ट्रॅकची गाडी घेईन आणि त्याच्यासारखी चालवेन. माणूस गेल्यावर वर्षभर घरात नवी वस्तू आणत नाहीत, म्हणून वर्षभर मी गप्प राहिलो. पण मला पक्कं वाटत होतं की त्या ट्रॅकवर मी गेलो तर परत येणार नाही. आणि गेलो नाही तर दादा सुटणार नाही, हेही तितकंच पक्कं वाटत होतं. वर्गात पोरांना घर्षण शिकवताना मध्येच माझ्या हाताला घाम सुटायचा.

वर्षश्राद्ध झालं आणि मी शोरूमला फोन केला. लखनौच्या शोरूमने दोन्ही गाड्या ट्रकवर घालून बनारसला आणल्या, एकाच दिवशी चालवून बघण्यासाठी. रिंग रोडच्या कडेला एक धाबा आहे, त्याच्या आवारात त्या उतरवल्या. माघातली सकाळ होती, दहा वाजून गेले तरी धुकं पुरतं उठलं नव्हतं. वहिनी दादाची वही पिशवीत घालून बरोबर आली होती. धाब्याच्या खुर्चीत बसून तिने चहा मागवला आणि म्हणाली, "भावजी, आधी रस्त्याची बघा."

मी आधी ट्रॅकची घेतली.

आत बसायला त्या पिंजऱ्याच्या दारात आलेल्या नळीवरून पाय टाकावा लागतो. सीट अंगाला दोन्हीकडून आवळून बसली. शोरूमचा माणूस सीट पुढे-मागे करायला वाकला आणि थांबला. "आप की नाप पर ही लगी है सर," तो म्हणाला. मी आणि दादा उंचीने सारखे, एवढंच मी मनाशी म्हटलं. माणूस शेजारी बसला. गाडी सुरू केली. आत कापड नाही, रबर नाही, त्यामुळे खालचा खडान् खडा पत्र्यावर वाजत होता. पहिला गिअर टाकलेला मला आठवतो. दुसराही आठवतो.

पुढचं आठवतं ते दंडावर पडलेला हात. "सर. बस, सर." काट्याकडे बघितलं तर एकशे चाळीसवरून खाली येत होता. माणसाच्या कपाळावर घाम होता. मी गाडी कडेला घेतली आणि काय झालं विचारलं. त्याने रुमालाने घाम पुसला. मग म्हणाला, मी फार सफाईने चालवत होतो, ट्रॅकवर जाणारी माणसं चालवतात तशी, फक्त त्याने तीनदा हाक मारली ती मला ऐकू गेली नाही. "आप कुछ गुनगुना रहे थे," तो म्हणाला. आणि वाटेत छपरावर प्रेत बांधलेली एक जीप लागली, तिला मी ओलांडून पुढे गेलो. आझमगढ-जौनपूरकडून अशा जीपा रोज मणिकर्णिकेला येतात. त्या दिसल्या की आमचे हात आपोआप जुळतात, लहानपणापासूनची सवय आहे. मला जीप दिसलीच नव्हती. मी कधी जन्मात गुणगुणलेलो नाही.

परत येताना मी तीसच्या वेगाने आलो. मला फार भीती वाटत होती. त्याहून वाईट म्हणजे, पाय पुन्हा दाबावासा वाटत होता.

धाब्यावर वहिनीला काही सांगितलं नाही. पाणी प्यायलो आणि रस्त्याच्या गाडीत बसलो. ही गाडी मऊ होती, ऊबदार होती, कुणी आजारी माणसाला नीट गादीवर बसवावं तशी तिने मला बसवलं. दोनशे पावलं गेलो असू, तोच टुंग टुंग वाजायला लागलं. समोरच्या पडद्यावर गाडीचं चित्र होतं आणि त्यातली मागची डावी सीट लाल झाली होती. मागे कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की असं होतं.

"सेंसर है सर. कभी बैग रखा हो तो भी बजता है."

"बैग कहाँ है?"

त्याने मागे वळून बघितलं. मी आरशात बघितलं. सीट रिकामी होती. त्याने उतरून सीटवर हात फिरवला, थापट्या मारल्या, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. लाल खूण गेली नाही. लखनौहून निघताना ठीक होती, असं तो दोनदा म्हणाला. आम्ही टुंग टुंग ऐकतच धाब्यावर परतलो आणि तो लगेच ट्रकवाल्याशी बोलायला निघून गेला.

मी वहिनीजवळ बसलो आणि तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. एका गाडीत दादा माझ्या जागी बसला होता. दुसऱ्या गाडीत मागे. मी शब्द दिला होता तो पहिल्या गाडीचा. मी हे वहिनीला जसंच्या तसं सांगितलं, दहाव्याला काय बोललो ते, एकशे चाळीस, गुणगुणणं, लाल खूण, सगळं. म्हणालो, ट्रॅकचीच घ्यावी लागेल. त्याला कबूल झालोय. कावळा त्यावरच शिवला.

वहिनीने चहाचा ग्लास खाली ठेवला. ती चिडली की शांत होते.

"तुम्ही बोललात ते मी ऐकलं होतं. वर उभी असले म्हणून काय झालं. तुम्ही तिकडून बोलत होतात, तेव्हा मी पण बोलत होते."

"काय?"

"म्हटलं, तुम्ही गेलात ते गेलात. भावजींना न्यायचं नाही. तुम्हाला फिरायचंच असेल तर घरच्यासारखे या, आमच्याबरोबर चला, मी नाही म्हणणार नाही. पण भावजींना न्यायचं नाही." तिने वहीची पिशवी मांडीवर ओढून घेतली. "तेव्हाच तो शिवला."

दीड तास मी एकटाच कावळ्याशी बोलतोय असं मला वाटत होतं. वर्षभर मी माझाच शब्द उराशी घेऊन मरणाची तयारी करत होतो, आणि वहिनीचा शब्द त्याच पिंडावर माझ्या शब्दाशेजारी पडला होता.

"मग तो कुणाचं ऐकून आला?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत. पण तुमचं त्याला ऐकू गेलं असेल तर माझं पण गेलंच की. चला, मला बसवा त्या गाडीत."

ती पिशवी घेऊन उठली. ट्रॅकच्या गाडीपाशी जराशी थांबली, आतल्या लोखंडी नळ्या बघितल्या आणि पुढे गेली. रस्त्याच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली. मी गाडी सुरू केली. टुंग टुंग. डावी सीट लाल.

वहिनीने पडद्याकडे बघितलं. मग वही उघडून शेवटची ओळ काढली आणि बराच वेळ ती वाचत राहिली. मी म्हटलं, वहिनी, राहू दे, उतरू या. ती उतरली खरी, पण तिने आपली पुढची सीट वाकवली, त्या अरुंद जागेत साडी सावरत आत गेली, मागच्या डाव्या सीटचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून घेऊन खटकन लावला. दादाला सर्दी झाली की ती त्याचा मफलर असाच लावून द्यायची, ओढून, गाठ तपासून. तिने पट्टाही ओढून तपासला.

आवाज थांबला. लाल खूण गेली.

ती परत येऊन बसली आणि तिने आपला पट्टा लावला. डोळे भरले होते, तरी पुसले नाहीत. समोर धुक्यातून छपरावर प्रेत बांधलेली आणखी एक जीप आली. आम्ही दोघांनी हात जोडले आणि ती जाऊ दिली.

"चला भावजी," वहिनी म्हणाली. "पण हळू चालवा. ह्यांना मागे बसायची सवय नाही."